एकास पन्नास

यादी लागली ऑगस्टातल्या एका शुक्रवारी, रात्री उशिरा.
माझं नाव, नावापुढे लिस्बन.
सोळा वर्षं हंगामी, आता कायम.
आई म्हणाली, बरं झालं बाई,
आणि तशीच उठून पोत्यात बटाटे भरायला लागली.
राजधानीत बटाटे मिळत नाहीत
अशी विन्याइशमध्ये सगळ्यांचीच खात्री आहे.

पहिल्या खोलीला खिडकी नव्हती.
मालक म्हणाला, पंखा आहे ना.
दुसरी फक्त विद्यार्थिनींसाठी.
मी विचारलं, शिक्षिका चालेल?
तो हसला. मी विनोद केला नव्हता.
तिसरी जूनमध्ये रिकामी करायची,
पाहुणे येतात, एका रात्रीचे शंभर युरो मोजतात.
चौथीच्या जिन्यावर अकरा माणसं रांगेत,
त्यातली एक आमच्याच शाळेतली, रसायनशास्त्राची.
आम्ही एकमेकींना ओळख दिली नाही.

मग बारा रात्री गाडीत,
मागच्या सीटवर, पाय बटाट्यांच्या पोत्यावर.
सकाळी पोहण्याच्या तलावावर आंघोळ, तीन युरो,
आणि आठ वाजता ओल्या केसांनी फळ्यावर :
'मानवी वस्ती. माणूस कुठे राहतो, का राहतो?
पाण्याची सोय. सुपीक जमीन. सपाट भूभाग.'
मुलं मुकाट्यानं उतरवून घ्यायची.

दोना एर्मेलिंदा भेटल्या अमादोरात,
पाचवा मजला, लिफ्ट नाही.
खोली मुलाची, मुलगा लक्झेंबर्गला.
कपाट त्याचं, दोन खण माझे.
स्वयंपाकघर आठपर्यंत. पुरुष नको, मांजर नको, लसूण चालेल.
बटाटे बघितले, एक हातात घेऊन नखानं खरवडला,
आणि भाडं वीस युरोंनी उतरवलं.

भिंत इतकी पातळ
की पलीकडे चमचा पडला तर मी खाली बघते.
पलीकडचा जिना वेगळा, दार मागच्या रस्त्याला,
भिंत तेवढी सामाईक.
पहाटे चारला कुणी बाई कामाला निघते,
रात्री उशिरा कुणी पुरुष बूट काढतो, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा.
आणि एका रात्री एक पोरगा घोकायला लागला :
मिन्यू, दोउरू, मोंदेगू, तेजू...
उत्तरेकडून दक्षिणेकडे, माझ्याच चालीत,
आणि मी वर्गात विसरले होते
ती नदी त्याच जागी विसरलेली.

आवाज ओळखला. एद्मिल्सन, तिसरा बाक, खिडकीकडचा.
तेव्हापासून मी उशीत तोंड खुपसून खोकते.
आई फोनवर विचारते, घर कसं आहे?
मी सांगते, शेजार चांगला आहे.

नोव्हेंबरात प्रमाण शिकवलं.
म्हटलं, राहत्या घराचा आराखडा काढून आणा, एकास पन्नास.
फातिमा म्हणाली, बाई, आईकडचं की बाबांकडचं?
एकानं कोरा कागद दिला, वर नाव नीट लिहिलेलं.
त्याला काय विचारायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

एद्मिल्सनचा कागद रात्री उघडला.
एक खोली, पाच अंथरुणं, प्रत्येकावर नाव.
दिवसा गुंडाळतात त्या गादीसाठी तुटक रेषा.
हे मी शिकवलं नव्हतं.
आणि भिंतीच्या पलीकडे,
जिथे कागद मोकळा राहायला हवा होता,
एक छोटा चौकोन. पलंग. टेबल.
खाली बारीक अक्षरात :
'इथे कुणीतरी राहतं. रात्री खोकतं. एकटंच असावं.'

पट्टी लावली. पाच पूर्णांक चार गुणिले चार पूर्णांक सहा.
दोना एर्मेलिंदांची शिवणाची टेप मागून आणली,
गुडघ्यांवर बसून खोली मोजली.
बरोबर.
पलंगसुद्धा भिंतीपासून बरोबर तेवढाच.
कानांनी मोजलं असेल पोरानं.

चुकलं होतं फक्त दार.
लाल पेन उघडलं, पुन्हा टोपण लावलं.
पलीकडे बूट पडला. मी दुसऱ्याची वाट बघितली.
मग पेन्सिलीनं, अगदी फिकट :
दार या बाजूला. आत उघडतं.